म्हशीचं फॅट, सुनेचं रक्त

आमच्या थोरल्या बाईंच्या पाया पडायची सोय नव्हती. तुम्ही वाकलात, उठलात, की आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांचा अंगठा थेट तुमच्या डोळ्याखाली. पापणी खाली ओढायची, आतला रंग बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. "पांढरी फटक! काय खातीस का न्हाई गं?" नाहीतर, "हां, लाल हाय. सुखी ऱ्हा." लग्नात अक्षता टाकायच्या आधी नवरीची पापणी. बारशाला पाळणा म्हणायच्या आधी आईची पापणी. एकदा जनावरांच्या छावणीच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. हार घालून घ्यायला त्यांनी मान खाली केली आणि हार घालायला नेमक्या आमच्या बाई. झालं! सगळ्या गावासमोर साहेबांची पापणी खाली. "लालभडक हाय," बाईंनी माईकजवळच जाहीर केलं, "साहेब, एक बाटली देऊन जा. आमच्या बायकांना लागती." साहेब हसले खरे, पण भाषण पाच मिनिटांत उरकून गाडीत बसले.

मी त्यांच्या हाताखाली नर्स म्हणून हजर झाले ते दुष्काळाचं साल होतं. शिरूर कासारकडचं एक गाव, दोन खोल्यांचं उपकेंद्र, एक खाट, एक वजनकाटा आणि दारात वाळलेला कडुलिंब. मी अंबाजोगाईला शिकलेली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं ही माझी पक्की समजूत. गावाने पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. त्या उपकेंद्राच्या जुन्या नर्स, थोरल्या बाई; म्हणून मी धाकल्या बाई. खरं नाव कुणी विचारलं नाही. मला रागही आला होता, पण सांगणार कुणाला?

बाईंचं सारं जग एकाच गोष्टीभोवती फिरायचं, गरोदर बाईच्या अंगातलं रक्त. ताप, खोकला, विंचू, गळू हे सगळं त्या उरकायच्या. जीव होता तो रक्तात. "आपल्याकडं बाई बाळंतपणात मरत न्हाई," त्या म्हणायच्या. "ती आधीच निम्मी संपलेली असती. बाळंतपणात नुसतं कळून येतं."

रक्त वाढायला सरकारच्या लाल गोळ्या होत्या. त्या घरोघर जायच्या आणि घरोघरच्या उकिरड्यावर पडायच्या. कुणाला मळमळायचं, कुणाच्या तोंडाला लोखंडाची चव यायची. आणि सासवांचं तर ठाम मत, की गोळ्यांनी पोर मोठं होतं नि अडतं. वर पोर काळं होतं ते निराळंच. त्यावर बाईंचं उत्तर तयार असायचं, "पोर बापावर जाईल का गोळीवर? त्या बापाकडं बघ एकदा अन् मग बोल."

आता, गोळी पोटात गेली की परसाकडला काळं होतं. हे बाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते साऱ्या गावाला ठाऊक करून ठेवलं होतं. पाण्याचा टँकर आला की घागरी घेऊन बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि बाई रांगेच्या कडेने चालत, एकेका पोटाकडे बोट दाखवून विचारायच्या, "काळी झाली का गं?"

"झाली बाई!"

"अन् तुझी?"

उत्तर आलं नाही की समजायचं. बाई तिथेच पिशवीतून गोळी काढायच्या, तिच्याच घागरीतलं पाणी घ्यायला लावायच्या आणि गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. जीभ वर करून दाखवावी लागायची. एकदा शाळेतल्या नव्या गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ह्या रोज चौकात बायकांना काय विचारतात हो?" मी खरं ते सांगून टाकलं. त्यानंतर टँकरचा भोंगा वाजला की गुरुजी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची त्यांना फार काळजी. दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जाणार, मग गोळी कोण देणार नि कोण बघणार? मी आपलं शहाणपण पाजळलं, की त्यांना तक्ता छापून देऊ. बाईंनी ते कानाआड केलं. मग त्यांनी प्रत्येकीची मिश्रीची डबी मागवली, मिश्री एका कागदात बांधून दिली आणि डबीत गोळ्या भरल्या. वर मिश्रीची पुडी. "गोळ्या इसरतील," बाई म्हणाल्या, "मिश्री इसरलेली बाई मला दाखव एक तरी."

आणि चहा! चहा म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. गोळीवर चहा प्यायला की गोळी वाया जाते, हे त्या घसा फोडून सांगायच्या. पण आमच्याकडे चहा न घेता कुणाच्या दारातून उठणं म्हणजे त्या घराची इज्जत काढणं. बाईंनी बिलकुल दाद दिली नाही. "ज्या घरात गोळी घेतल्यावर तासभर चहा थांबतो ना, त्या घरात मी चहा पिईन," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. किती वर्षं झाली, गावात त्यांनी कुणाकडे चहाचा कप तोंडाला लावला नव्हता. स्वतःच्या घरी मात्र भरून दोन कप प्यायच्या. मी पाहिलंय.

पण बाईंचं खरं डोकं दिसलं ते दूध डेअरीत.

गावची सहकारी डेअरी म्हणजे एक पत्र्याची शेड, एक ओटा आणि भिंतीवर काळा फळा. सकाळ-संध्याकाळ घरोघरचं दूध यायचं. सेक्रेटरी प्रत्येक घरच्या दुधाचा नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत ॲसिड टाकून फिरवायचा आणि फळ्यावर त्या घराच्या नावापुढे फॅटचा आकडा लिहायचा. दुष्काळात चारा छावणीतला, त्यामुळे फॅट उतरलेलं. दोन पॉइंट खाली आलं तरी बाप्ये दिवसभर तोंड पाडून बसायचे, म्हशीच्या अंगावरून हात फिरवायचे, तिला ढेप चारायचे. एका सकाळी बाई हे सगळं बघत ओट्यावर उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "ह्याच्या म्हशीचं फॅट ह्याला पाठ हाय. ह्याची बायको रिकामी घागर उचलली तरी धापा टाकती, ते ठाऊक हाय का बघ!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू घेऊन फळ्यावर एक नवा रकाना आखला. घराचं नाव, फॅट आणि त्यापुढे रक्त.

डेअरीचे चेरमन तालेवार गडी, फेटा कधी वाकडा होऊ न देणारे. ते धावत आले. "बाई, हा सहकारी संस्थेचा फळा हाय, दवाखान्याचा न्हाई!"

"चेरमनसाहेब, नळी तुमचीबी हाय, नळी माझीबी हाय. ॲसिड तुमीबी टाकता, ॲसिड मीबी टाकते. तुमी दूध बघता, मी रक्त बघते. दोघांत एक फळा पुरंल की."

आमची तपासणीही तशीच होती, बोटातला रक्ताचा थेंब नळीतल्या ॲसिडमध्ये घालायचा आणि रंग जुळेस्तोवर थेंब थेंब पाणी टाकत बसायचं. चेरमन फळ्यापासून बाजूला सरले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी डेअरीच्या ओट्यावर गरोदर आणि बाळंतीण बायकांची बोटं टोचायची असं ठरलं. पहिल्याच महिन्यात गंमत झाली. सगळ्यात वरचा आकडा निघाला डेअरीत कॅन धुणाऱ्या माणसाच्या बायकोचा. सगळ्यात खालचा, सात पॉइंट चार, चेरमनच्या सुनेचा.

गावाने तो फळा आठ दिवस वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतला. चेरमनच्या बायकोला, म्हणजे चेरमनीनबाईंना, बाहेर तोंड दाखवायची चोरी झाली. बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि स्पष्ट सांगितलं, "सातवा सरत आलाय. रोज दोन गोळ्या, लिंबू पिळून. पुढच्या म्हैन्याच्या सोमवारी आठाच्या वर गेलं न्हाई तर मी सोता उचलून बीडच्या दवाखान्यात नेऊन घालीन. इतक्या कमी रक्तावर बाळंतपणात रक्त गेलं तर बाई हाताला लागत न्हाई, चेरमनीन." चेरमनीनबाईंनी मान हलवली. सून चुलीपुढे खाली बघून भाकरी थापत होती. तिला विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर सासूनेच दिलं. मी तोवर त्या पोरीचा आवाजही ऐकला नव्हता, आणि डोईवरच्या पदराखालचा चेहराही धड पाहिला नव्हता.

त्याच घरात आणखी एक गरोदर बाई होती. चेरमनची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिची नोंद तिच्या सासरच्या गावी, म्हणून आमच्या फळ्यावर ती नव्हतीच. तिला सकाळी खजूर, दुपारी तुपातली भाजी, संध्याकाळी डिंकाचा लाडू. वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायची, भांड्यात जे राहील ते.

पुढचा पहिला सोमवार आला तेव्हा थोरल्या बाई दहा दिवसांच्या ट्रेनिंगला गेलेल्या. तपासणी माझ्या अंगावर. मला कोण आनंद! खुर्ची टाकून, ॲप्रन घालून, मी तोऱ्यात बसले होते. एकामागून एक बोट पुढे येत होतं आणि मी टोचत होते. चेरमनच्या घरचं नाव पुकारलं. चेरमनीनबाईंनी पोटुशी बाई माझ्यापुढे बसवली, पदर पार नाकापर्यंत ओढलेला, हातात हिरव्या बांगड्या. हात मऊ होता, लोण्यासारखा. मला वाटलं, चेरमनचं घर, सुखात असणारच. अकरा पॉइंट सहा! मी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं आणि चेरमनीनबाईंना म्हटलं, "बघा, गोळ्यांनी कसं वाढलं!" त्या म्हणाल्या, "तर काय!" डेअरीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. आज आठवलं तरी कान गरम होतात.

थोरल्या बाई परतल्या त्या सकाळच्या एसटीने. पिशवी हातातच. डेअरीवरून येताना फळ्यासमोर थांबल्या. मी कौतुकाची वाट बघत शेजारी उभी.

"हे चेरमनच्या घरचं तू बघितलंस?"

"हो बाई. चार पॉइंट दोन वाढलं!"

"एका महिन्यात चार? अगं, म्हशीला पोतंभर ढेप चारली तरी फॅट असं चढत न्हाई, अन् हे तर माणसाचं रक्त हाय." पिशवी माझ्या हातात कोंबून त्या चालायला लागल्या. मी मागे पळत सुटले.

चेरमनच्या स्वयंपाकघरात सून चुलीपाशी बसली होती. बाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही, आधी भिंतीकडे बघितलं. चुलीशेजारी मातीच्या भिंतीला, बसल्या हाताला येईल अशा उंचीवर, वाटीएवढा खड्डा पडला होता. कडा ओल्या.

"हे काय?"

"उंदरं हायेत बाई," चेरमनीनबाई म्हणाल्या. "लई बेजार केलंय."

"चेरमनीन, तुमचा उंदीर आठव्या महिन्यात हाय."

अंगात रक्त कमी पडलं की बायकांना माती खावीशी वाटते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. भिंत वाचायला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. बाईंनी सुनेपुढे बसून तिचा पदर मागे सारला आणि पापणी ओढली. आत रंग असा नव्हताच. खडू होता नुसता. मी तिच्या हाताकडे पाहिलं. भेगाळलेला, चटक्यांचे डाग, काचेच्या दोन जुन्या बांगड्या. पलीकडच्या खोलीच्या दारात लेक उभी होती, हिरव्या बांगड्या घालून, आणि माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली.

"कावून केलंत हे?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी शांत.

आणि खरं सांगते, चेरमनीनबाईंना आपण काही लबाडी केली असं वाटतच नव्हतं. "असं काय केलं म्या? आमी दोन म्हशींचं दूध एकाच कॅनीत घालतो. एकीचं पातळ, एकीचं घट्ट. डेअरीत फॅट लागतं ते घराचं. तुमीच फळ्यावर घराचं नाव लिव्हलं की! लेकीचं काय अन् सुनेचं काय, एकाच घरातलं रक्त हाय!"

बाईंनी सुनेला हात धरून उठवलं. मग मला म्हणाल्या, "ही चूक माजी हाय. घराचं नाव मीच लिव्हलं." मी रडायच्या बेतात होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "अन् तू बोट बघितलंस, तोंड बघितलं न्हाईस. रडू नको, टेम्पो थांबव."

डेअरीचा टेम्पो दूध घेऊन बीडला निघायच्या तयारीत होता. चेरमन आडवे आले. वाटेत थांबत, दवाखान्याला वळसा घालत गेलं तर उन्हाने दूध नासेल, सगळ्या गावचं दूध होतं ते.

"दूध नासलं तर सांच्याला म्हैस पुन्हा देईल," बाई म्हणाल्या. "सून नासली तर कुठून काढाल? व्हा बाजूला."

पुढे ड्रायव्हरशेजारी सून आणि बाई. मागे कॅनच्या मध्ये मी, चेरमन, चेरमनीनबाई आणि चेरमनचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा. खड्ड्यांतून जाताना कॅनचं दूध माझ्या पांढऱ्या ॲप्रनवर उडत होतं आणि मी मनात एकच म्हणत होते, देवा, ही पोरगी माझ्या आकड्यामुळे जायला नको.

दवाखान्यात सहा पॉइंट एक निघालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर उशिरा आला असता तर बोलायला नको. आधी रक्ताच्या दोन पिशव्या, मग सलाइनमधून लोह. पिशव्यांच्या बदल्यात रक्त द्यायचं होतं, कुठल्याही गटाचं चाललं असतं. बाईंनी चेरमनच्या मुलाची पापणी ओढली आणि दंड धरला.

"अहो बाई, माज्या पोराचं रक्त काढता व्हय!" चेरमनीनबाईंनी गळाच काढला. "कष्टाचं लेकरू हाय ते!"

"एकाच घरातलं रक्त हाय ना? मघाशी तुमीच म्हणालात. मग इकडचं तिकडं केलं तर काय बिघडलं?"

पहिली पिशवी पोराने दिली. दुसरी पिशवी खुद्द चेरमनांनी दिली. सुई टोचताच फेटा सावरत आडवे झाले आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, दूध पोहोचलं का. दूध पोहोचलं होतं, जरासं आंबून.

पुढच्या महिन्यात तिथेच ती बाळंत झाली. रक्त बरंच गेलं, डॉक्टरांची धावपळ झाली, पण अंगात जायला आणि उरायला दोन्हीला रक्त होतं. बाईंनी परत येऊन फडकं ओलं केलं आणि डेअरीचा फळा कोरडा ठणठणीत पुसला. फॅटपुढे घराची नावं राहिली. रक्ताच्या रकान्यात त्यांनी बायकांची नावं लिहिली, एकेकीचं, स्वतःचं.

बाळंतपण झालं की गोळ्या संपल्या असं सगळ्यांना वाटतं. बाईंचं म्हणणं, खरी गोळी तिथून पुढं, सहा महिने. बाराव्या दिवशी आम्ही चेरमनच्या घरी गेलो. चेरमनीनबाईंनी आमच्यासमोर सुनेच्या हातात गोळी ठेवली, लिंबू पिळलेलं पाणी दिलं, जीभ वर करायला लावून बघितली. तेवढ्यात लेक चहाचे कप घेऊन आली. सुनेने हात पुढे केला, तशी चेरमनीनबाईंनी कप मागे ओढला. "घड्याळाकडं बघ की! तास झालाय व्हय?"

थोरल्या बाई मांडी घालून खाली बसल्या. "चेरमनीन," म्हणाल्या, "मला घाला चहा. साखर जरा जास्त." त्यांना किती आनंद झाला होता ते त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. तो चहा त्यांनी बशीत ओतून, फुर्रर्र आवाज करत, पाऊण तास पुरवला.

सव्वा महिन्यानंतर पहिला सोमवार आला. सगळी डेअरी जमलेली. सून लेकराला सासूकडे देऊन ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली, डोईवरचा पदर पुढे ओढलेला. थोरल्या बाई बाजूच्या कॅनवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "धाकल्या बाई, टोच."

मी कापसाने बोट पुसलं. भेगाळलेलं, चटक्याचा डाग असलेलं बोट. हे बोट मी आता कुठेही ओळखलं असतं. सुई टेकवणार, तेवढ्यात ते बोट मागे गेलं.

"थांबा बाई," कुणीतरी म्हणालं. आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही, कारण तो मी कधी ऐकला नव्हता. "आधी तोंड बघा की माजं."

आणि तिने स्वतःच्या हाताने पदर मागे टाकला.

डेअरी हसली, सेक्रेटरी हसला, चेरमन फेटा धरून हसले. चेरमनीनबाईंनी लेकराच्या दुपट्यात तोंड लपवलं. थोरल्या बाई तर कॅनवरून पडायच्या राहिल्या. मला हसू आलं नाही. लाज वाटली, आणि तिचा फार आनंदही वाटला. बावीस-तेवीस वर्षांची पोर. डाव्या भुवईवर बारीक खूण. ओठांना रंग आलेला, आणि डोळे सरळ माझ्या डोळ्यांत.

मी बघितलं. चांगलं, सावकाश बघितलं. मगच टोचलं.